तुझ्या जागेची परीक्षा

उदेभान, तुझी राख अजून गार झाली नव्हती आणि कापसाच्या कोठीतल्या तुझ्या जागेसाठी पहिला माणूस दारात हजर. डोक्याला नवी पगडी, काखेत सर्टिफिकिटांची गुंडाळी, चेहरा शक्य तितका रडवेला. मुंबईची परीक्षा पास झालेला होता. फार वाईट झालं म्हणाला, आणि त्याच दमात विचारलं, साहेब सकाळी कधी बसतात. मी त्याला हाकलणारच होतो. मग वाटलं, तू असतास तर आधी पाणी दिलं असतंस आणि मग सांगितलं असतंस, परीक्षा आहे, तयारी करून या. म्हणून पाणी दिलं. परीक्षेचं सांगितलं नाही. परीक्षा घेणाराच गेल्यावर ती होणार की नाही, हे अख्ख्या अकोल्यात कोणालाच माहीत नव्हतं.

पटकीनं तू एका दिवसात गेलास. निरोप आला तेव्हा मी अमरावतीच्या कचेरीत होतो. तसाच उठलो, दमणी जुंपली, मूर्तिजापुरात बैल बदलले, आणि तरी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तुझ्या ओसरीवर बसून मी रडलो, हे तुला कोणी सांगितलं तर खरं धर. पण रडण्याआधी मला राग आला होता. आपला वाद अर्ध्यावर होता, आणि तू कधीही, कुठेही, कोणाशीही वाद अर्धा टाकून उठणारा माणूस नव्हतास.

तर हा लेख म्हणजे त्या वादातली माझी पाळी आहे असं समज. शिवाय एक बातमी आहे. ती चांगली आहे, पण मी ती माझ्या चालीनं सांगणार. तुला घाई असली तर असू दे.

आठवतं का, आपण दोघे वऱ्हाडातून मुंबईला शिकायला गेलो तेव्हा युनिव्हर्सिटी नवी नवी होती. तू अकोटकडच्या कास्तकाराचा मुलगा, मी अमरावतीच्या कापूस-दलालाचा. आपल्याआधी पास झालेली मुलं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातला जो तो साहेबाशेजारी खुर्ची टाकून बसलाय असं आपण ऐकून होतो. त्यामुळे परीक्षा झाली की सरकार आपला पत्ता विचारत येईल, याविषयी खोलीत कोणाला शंका नव्हती. संध्याकाळी मैदानावर बसून आपण तालुके वाटून घ्यायचो. मी मूर्तिजापूर मागितलं, तू अकोट. कोकणातली मुलं मुन्सफीखाली काही बोलायला तयार नसायची. त्यातला एक जण तर सासऱ्याला पत्र लिहिताना सहीपुढे हुद्दा घालायचा. आपण त्याला हसायचो आणि पुन्हा तालुक्यांच्या वाटणीकडे वळायचो.

तुझ्या गावानं तर कमालच केली. तू पास होऊन परत आलास तेव्हा बैलांना झुली घालून, डफडं वाजवत तुला शिवेवरून आत नेलं. पास झाला म्हणजे मामलेदार झाला, असा सरळ हिशेब. दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात दोघे भाऊ धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण घेऊन उभे. तू सांगून पाहिलंस की मला अजून नोकरी नाही. त्यांना वाटलं, साहेब मोठा झाला तरी नम्र आहे. शेवटी तू शेतात जाऊन धुरा पाहिलास, निवाडा दिलास आणि त्या रात्रीच अमरावतीला पळून आलास. मला म्हणालास, "मोत्या, लवकर कुठंतरी चिकटलं पायजे. नाईतर माह्या हातून अख्ख्या तालुक्याचे निवाडे होतीन, अन् पगार दुसराच खाईन."

मग आपण उमेदवारीला लागलो. उमेदवारी म्हणजे काय, हे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. सकाळी शिरस्तेदाराच्या घरी जायचं, त्याच्या मुलाचं गणित घ्यायचं, भाजी आणून द्यायची, आणि मग दिवसभर कचेरीच्या ओट्यावर बसून जे कागद पुढ्यात पडतील ते फुकट उतरवायचे. कोणाची बदली झाली किंवा कोणी देवाघरी गेला की जागा रिकामी होणार, आणि शिरस्तेदाराची मर्जी असेल तर ती आपल्याला मिळणार. ओट्यावर आपल्यासारखे बरेच होते. त्यातले काही जण बसून बसून पिकले होते. मला त्यात काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. सगळं जग कुठल्या ना कुठल्या ओट्यावर बसलेलं आहे.

तुझं मन उडालं ते त्या तापकरी कारकुनामुळे. तो आजारी पडल्याची बातमी ओट्यावर आली आणि आपण सगळे रोज संध्याकाळी त्याच्या समाचाराला जाऊ लागलो. कोणी काढा नेला, कोणी अंगारा. सगळ्यांची तोंडं काळजीची आणि डोळे भलतंच विचारणारे. एके दिवशी आपण दारात पोचतो न पोचतो तोच तो खाटेवरूनच म्हणाला, "अजून जित्ता हाव बाप्पा. उद्या या." बाहेर येऊन आपण पोट धरधरून हसलो. दुसऱ्या दिवशी ओट्यावर तुझी जागा रिकामी होती, आणि ती घ्यायला लगेच दुसरा सरकून बसला.

मी ओट्यावर टिकलो आणि पुढे कचेरीत चिकटलो. तू अकोल्याला गेलास, एका इंग्रज साहेबाच्या कापसाच्या कोठीत. त्या दिवसांत अकोल्याला जाणारा प्रत्येक जण पैसा कमवायलाच जात होता. अमेरिकेतली लढाई पेटलेली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झालेला, आणि आपल्या काळ्या मातीतल्या बोंडाला कधी नव्हे तो भाव आलेला. रस्त्यावर गाड्यांच्या रांगा, झाडाझुडपांवर कापसाचे पुंजके, कास्तकाराच्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या. मी तुला म्हटलं होतं, हे सगळं लढाईवर उभं आहे. लढाई थांबली की कोठीला कुलूप. कचेरीला कुलूप लागल्याचं कोणी ऐकलंय का? तू म्हणालास, "कोठी बुडंन तं बुडू दे. मी त्यात शिकलो ते थोडंच बुडते?" हे काही उत्तर नव्हतं. मी अजून उत्तराची वाट पाहतो आहे, आणि लढाई संपत आल्याच्या आवया रोज येताहेत, म्हणजे कदाचित हा वाद मीच जिंकणार. तू नसताना जिंकण्यात काही मजा नाही, एवढंच.

पण कोठीत तू जे केलंस त्यापुढे मी हात टेकतो. आपल्या लोकांची खोड तुला माहीत होती. पगडीवाल्यानं काहीही वाचून दाखवलं की आपला कास्तकार हात जोडून म्हणतो, "हाव जी." समजलं तरी हाव जी, नाही समजलं तरी हाव जी. कोठीतले आधीचे कारकून साहेबाच्या अटी छापील भाषेत घडाघड वाचायचे, समोरून हाव जी यायचं, आणि मग ओल्या कापसाच्या गाड्या दारातून परत गेल्या की लाठ्या निघायच्या. साहेबाला वाटे, वऱ्हाडातले लोक लबाड आहेत. कास्तकारांना वाटे, साहेब लबाड आहे. तू साहेबाला सांगितलंस की इथे हाव जी याचा अर्थ मला काहीच कळलं नाही, पण तुमच्याशी भांडायचं नाही, असा असतो. साहेब म्हणे खूप वेळ हसला.

आणि तू ती परीक्षा काढलीस. कोठीत जागा निघाली की ज्याला यायचं त्यानं यावं, कोणाचा भाचा, कोणाचा जावई, कोणी विचारणार नाही. उमेदवाराला साहेबाचा इंग्रजी कागद द्यायचा. त्यानं तो वाचायचा आणि रांगेत जी गाडी पुढे असेल तिच्या धन्याला समजावून सांगायचा. मग त्या धन्यानं एकट्यानं तुझ्यापुढे येऊन, त्याला काय समजलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. तू कागदाशी ताडून पाहणार. ज्याच्या गाडीवाल्याला जास्त समजलं त्याला जागा.

आमच्या कचेरीत ही गोष्ट कळली तेव्हा लोक आठवडाभर हसत होते. युनिव्हर्सिटीत पास झालेल्यांची परीक्षा गाडीवाला घेतो म्हणून. मीही हसलो. पण तुला एक कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू महिनाभर माझं डोकं खाल्लं असतंस. गेल्या वर्षापासून आमच्या ओट्यावर एखादा चलाख मुलगा दिसला की मी त्याला कोपऱ्यात घेऊन म्हणायचो, इथे कशाला पिकतोस, अकोल्याला जा, तिकडे एक वेडा आहे, तो ओळख विचारत नाही. असे तुझ्याकडे आलेले काही जण माझेच होते.

आता पुंडलिकाविषयी. तुझ्या ह्या धाकट्या भावावरून मी तुला दगड म्हणालो होतो, ते शब्द मी परत घेत नाही. तोही तुझ्यामागोमाग शिकला, पास झाला, आणि तू त्याला कोठीच्या परीक्षेला बसूच दिलं नाहीस. मी परीक्षा घेतो तोवर तू नाही, म्हणालास. बाकीची पोरं आली, पास झाली, नोकरीला लागली, आणि पुंडलिक गावात बसून ढोरं राखणाऱ्या पोरांना बाराखडी शिकवत राहिला. मी म्हटलं, अरे, त्याची काय चूक? तू म्हणालास, "त्याची चूक नाई. पण तो बसला अन् जितला, तं लोक म्हंतीन भावानं जितवला. अन् हारला, तं मले रात्री झोप येनार नाई." यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीच आपली शेवटची भेट. तू दमणीपर्यंत पोचवायला आलास, मी मान वळवून बसलो होतो, आणि तू बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणालास, "सावकाश जा, मोत्या." मी दमणी हाकली. बोलायचं होतं ते असं, की तुझं म्हणणं मला पटत नाही, पण असं म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

तेरवी झाली आणि साहेबानं बोलावणं पाठवलं. तुझे वडील सोनाजीकाका, पुंडलिक आणि मी, असे तिघे कोठीत गेलो. साहेब उभाच राहिला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, उदेभानसारखा माणूस मला परत मिळायचा नाही. त्याची जागा त्याच्या भावाची. उद्यापासून यावं, पगार तोच. मी ते मराठीत सांगितलं, आणि झालं ते योग्यच झालं असं मला मनापासून वाटलं. काकांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

पुंडलिक खाली पाहत होता. मग त्यानं मान वर केली आणि विचारलं, "परीक्षा कवा हाये?"

साहेब म्हणाला, तुला परीक्षेची गरज नाही. पुंडलिक म्हणाला, "गरज मले नाई, जागेले हाये. मले आता बसता येते. आजवर बसता येत नवतं." मी त्याला बाजूला नेलं. म्हटलं, बाळा, वेडेपणा करू नकोस, घरी शेत आहे म्हणून चूल चालेल, पण अशी जागा पुन्हा दारात येणार नाही. बाहेर पोरांची रांग लागली आहे आणि त्यातली कैक तुझ्याहून सराईत आहेत. तो म्हणाला, "मोतीरामभाऊ, मी तशीच घेतली, तं भाऊच्या मागं परीक्षा संपली. पयली जागा त्याचीच, अन् तीच वशिल्यानं गेली म्हंतीन." तुझाच आवाज, उदेभान. मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "त्याले करू दे, जे करते ते."

आणि परीक्षा घेणार कोण? साहेबानं माझ्याकडे बोट दाखवलं. ज्यानं आयुष्यभर ओट्याची बाजू घेतली तो तुझ्या जागेवर, हातात कागद घेऊन बसला. तू हसत असशील तर पुरे कर.

तुला तो सकाळचा देखावा दाखवायला हवा होता. कोठीच्या आवारात गाड्याच गाड्या, आणि उमेदवार कुठून कुठून आलेले. पाणी पिऊन गेलेला तो पगडीवालाही होता. कागदावर तीन अटी होत्या. ओला कापूस घेतला जाणार नाही. डागी कापूस वेगळा आणावा. आणि दुपारची घंटा झाल्यावर आलेल्या गाडीला दुसऱ्या दिवशीचा भाव. एकेक जण गाडीशी जात होता, बोलत होता, आणि गाडीवाला माझ्यापुढे येऊन सांगत होता. पगडीवाल्याच्या गाडीवाल्याला मी विचारलं, काय समजलं? तो म्हणाला, हाव जी.

मग पुंडलिक उठला. रांगेत पुढे एक म्हातारा कास्तकार होता. पुंडलिक त्याच्या गाडीच्या जुवावर टेकला आणि असा बोलू लागला की शेजारच्या गाड्यांवरचे लोकही ऐकायला सरकले. ओल्या कापसाचं त्यानं इतकं झकास समजावलं की म्हाताऱ्यानं स्वतःच हात खुपसून आपला कापूस चाचपून पाहिला. डागी कापसाचंही तसंच. मी मनात म्हटलं, जिंकला. मग घंटेची गोष्ट आली आणि पुंडलिक हसून म्हणाला, "अन् घंटीचं तं तुमाले मालूमच हाये, बुवा." म्हातारा म्हणाला, "हाव."

म्हातारा माझ्यापुढे आला. पहिल्या दोन अटी त्यानं कागदाहून चांगल्या सांगितल्या. मग मी विचारलं, आणि घंटा? तो म्हणाला, "घंटी झाली का जेवाले सुटी." आवारात हशा पिकला. पुंडलिकही हसला, आणि हसता हसता त्याला कळलं.

त्यानंतर आलेला रघुनाथ कोकणातला. मुंबईला शिकलेला, नोकरीसाठी उन्हातान्हातून वऱ्हाडात पोचलेला, बोली अशी कडक की गाडीवाले एकमेकांकडे पाहून हसत होते. त्याच्या वाट्याला अकोटचे चांदभाई आले. आपली बोली इथे कोणाला धड कळत नाही हे ह्या मुलाला पक्कं ठाऊक होतं, आणि चांदभाईंना काही आधीच माहीत आहे असंही तो धरून चालला नाही. प्रत्येक गोष्ट सांगून झाली की विचारायचा, आता तुम्ही सांगा. चुकलं की न चिडता परत. घाम पुसत, अडखळत, पण एकही गोष्ट त्यानं सोडली नाही. चांदभाई माझ्यापुढे आले आणि तिन्ही अटी सांगून वर म्हणाले, "घंटी के बाद आलो तं आजचा भाव गेला. मंग मी पहाटेच गाडी काहून नाई जुपू? इतके साल कोनं सांगितलंच नाई."

साहेब माझ्याकडे वाकला आणि हळूच म्हणाला, तुम्ही जे नाव घ्याल ते मी मान्य करीन. त्यानं ते दयेनं म्हटलं. माझ्यापुढे सोनाजीकाका गाडीच्या चाकाला टेकून उभे होते. त्या क्षणी मला तुझा जितका राग आला तितका कधी आला नव्हता, उदेभान. असली परीक्षा काढायची आणि तिचा निकाल लावायला मला बसवून निघून जायचं. आणि तितकाच तुझा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो. मी उभा राहिलो आणि मोठ्यांदा रघुनाथचं नाव घेतलं.

सगळ्यांत आधी पुंडलिक पुढे झाला. रघुनाथचा हात धरला आणि म्हणाला, "सावलीत या आता, इथं लय ऊन लागते. चला, कोठी दाखवतो." तो पोरगा रडायलाच लागला. तो कोकणातल्या बोलीत उत्तर देत होता आणि पुंडलिक वऱ्हाडीत, पण दोघांना एकमेकांचं समजत होतं. साहेबानं कारकुनाला बोलावून सांगितलं की यापुढे कोठीची कुठलीही जागा अशीच भरायची. आवारातल्या गाड्यांवरून कोणीतरी तुझ्या नावानं जयजयकार केला, आणि मग तो रांगेच्या शेवटापर्यंत गेला. मी कचेरीतला माणूस, मला असलं ओरडायची सवय नाही. ओरडलो.

आम्ही निघालो तेव्हा गावाकडचा एक जण काकांना आडवा आला. डोळ्यांत कीव आणून म्हणाला, "सोनाजी, घरची जागा परक्याले गेली. पोट्टं हारलं ना तुमचं?"

काका थांबले. पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं.

"आज माह्ये दोघं पोट्टे होते तिथं," ते म्हणाले. "धाकटा हारला. मोठा जितला."